लहान घरातली उचलठेव

उत्साही : मावशी, मुंबईतल्या लहान घरांचा विषय निघाला की आपण नुसते हळहळतो. माझं म्हणणं असं की जागा कमी आहे हे खरं, पण जी आहे तीही आपण पुरती वापरत नाही. कुठल्याही वन रूम किचनमध्ये जाऊन बघा. जमिनीवर पाय ठेवायला जागा नसते आणि सहा फुटांच्या वरची भिंत कोरी असते. छत नऊ फुटांवर, म्हणजे घराचा वरचा तिसरा हिस्सा वापरातच नाही. तीन फुटी दार आत उघडत असेल तर ते फिरण्यापुरती सात चौरस फूट जमीन कायम मोकळी ठेवावी लागते. अशी तीन दारं असली की वीस चौरस फूट गेले. तेच दार सरकतं केलं तर ते परत मिळतात. मी घरं मांडून देण्याचं काम करतो, आणि ३०० चौरस फुटांत चार-पाच माणसांचा संसार नीट बसलेला मी पाहिलाय. फक्त घरातल्या प्रत्येक वस्तूनं दोन-दोन कामं केली पाहिजेत. पलंगाच्या पोटात गाद्या-रजया ठेवायच्या, जेवणाचं टेबल बिजागऱ्यांवर भिंतीला मिटवायचं, ओट्याखाली ट्रॉल्या करायच्या, खिडकीखाली बैठक बांधून तिच्या आत कप्पे काढायचे. ज्याच्याकडे चार खोल्या आहेत त्याला यातलं काहीच लागत नाही. ज्याच्याकडे नाहीत त्याच्यासाठी हे आहे, म्हणून मला या कामाचा अभिमान वाटतो.

साशंक : वस्तूनं दोन कामं करायची म्हणतोस, पण टेबल आपणहून मिटत नाही आणि गादी आपणहून पलंगात जात नाही. अशाच मांडलेल्या एका घरातली सकाळ तुला सांगते. बाहेरच्या खोलीत पेटीचा दिवाण आहे, त्यावर आजोबा झोपतात, खाली गादीवर दोन नातवंडं. नळाला पाणी आलं की सून उठते. मुलांना उठवून चादरी झटकायच्या, घड्या घालायच्या, गादी दुमडायची. ती दिवाणात टाकायची तर आधी आजोबांना उठवून खुर्चीत बसवायचं. मग फळी उचलून डोक्यानं तोलून धरायची, दोन्ही हातांनी गादी आत सारायची आणि फळी सोडताना बोटं वाचवायची. त्यानंतर भिंतीवरचं टेबल उघडायचं. टेबल उघडलं की कपाटाचं दार अर्धंच उघडतं, म्हणून शाळेचे गणवेश आधी काढून ठेवायचे. राहिले तर भरली ताटं उचलून टेबल पुन्हा मिटवायचं. रात्री हेच सगळं उलट्या क्रमानं. तुमच्या नकाशात पलंग एकदा उघडा दाखवतात, एकदा बंद. तो उघडणारी आणि बंद करणारी बाई नकाशात कुठेच नसते.

उत्साही : पण ही उचलठेव काही मी आणलेली नाही. तुमचं बालपण नायगावच्या बीडीडी चाळीत गेलं. १६० चौरस फुटांची खोली, आणि त्यात आठ-दहा माणसं. तिथे काय कमी युक्त्या होत्या? मोरीवर पोटमाळा, त्यावर पिंपं आणि ट्रंका. लोखंडी कॉटच्या पायांखाली विटा, म्हणजे खाली आणखी एक थर सामान बसतं. भिंतीला चारी बाजूंनी फळी, फळीवर पितळेचे डबे, फळीखाली खुंट्या. वळकट्या गुंडाळून दिवसा त्यांचाच लोड करायचा. पालिकेच्या नियमात माळा दीड मीटरपेक्षा उंच करता येत नाही, तो सामानासाठीच असतो. तरी चाळीतली निम्मी मुलं पोटमाळ्यावर झोपून आणि अभ्यास करून मोठी झाली. मी वेगळं काय करतो? त्याच अकलेला चांगल्या बिजागऱ्या, चांगला प्लाय आणि मोजमाप देतो. हायड्रॉलिक पंप लावला की पलंगाची फळी एका हातानं वर जाते आणि वरच राहते, डोक्यानं तोलावी लागत नाही. हे सोपं करणं वाईट कसं?

साशंक : वाईट नाही, पण चाळीतली खोली एकटी उभी नव्हती हे तू विसरतोस. तळमजला अधिक तीन मजले, मजल्यावर वीस खोल्या आणि मधून लांब पॅसेज. त्या पॅसेजमध्ये वडीलमाणसं झोपायची, धान्य निवडलं जायचं, पाहुणे बसायचे, चपला आणि पाण्याची पिंपं राहायची. अभ्यासाला जिना, खेळायला पटांगण, रात्री गच्ची. गिरणगावात एकेकट्या कामगारांच्या खोल्यांत तर पाळीनं झोपायचे. एक गिरणीत गेला की दुसरा त्याच जागी आडवा व्हायचा, आणि जेवण खानावळीत. खोली १६० फुटांची होती, पण राहणं तेवढ्या फुटांत नव्हतं. आता टॉवरमध्ये लिफ्टसमोरची लॉबी मोकळी ठेवायचीच असते, आग लागली तर तीच वाट आहे. तिथे साधं चपलांचं कपाटही ठेवू नये. म्हणजे जे सगळं बाहेर होतं ते आत घ्यायचं आणि वर म्हणायचं की पूर्वीही लोक राहतच होते.

आणि माझी खरी भीती याच्याही पुढची आहे. झोपडपट्टी पुनर्वसनातलं घर आधी २२५ चौरस फुटांचं होतं, मग २६९ झालं, आता ३०० आहे. गिरणी कामगारांना घरं मिळाली तीही बहुतेक २२५ चौरस फुटांची. हे आकडे ठरवताना कोणी तरी कागदावर पलंग, कपाट, ओटा काढून दाखवलाच असेल की सगळं बसतं. तुझ्यासारखा हुशार माणूस तेवढ्यात आणखी एक टेबल बसवून दाखवतो, तेव्हा तो आकडा आणखी पक्का होतो. बीडीडी चाळींच्या रहिवाशांना पुनर्विकासात ५०० चौरस फूट मिळतायत, वरळीत २०२५च्या ऑगस्टमध्ये पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या दिल्या, ते युक्त्यांमुळे नाही. १६० फुटांत आणखी फळ्या ठोकून समाधान मानणार नाही असं लोक वर्षानुवर्षं म्हणत राहिले, म्हणून ते मिळाले.

उत्साही : हे मला मान्य नाही. आज ज्या घरात मुलगी दहावीला आहे तिनं धोरण बदलेपर्यंत थांबायचं का? शिवाय मांडणी आणि धोरण एकमेकांच्या विरुद्ध असतात असंही नाही. १९२६ साली फ्रँकफर्टमध्ये एर्न्स्ट मे यांच्या देखरेखीखाली कामगारांसाठी घरांच्या वसाहती उभ्या राहत होत्या, तेव्हा मार्गारेटे शुटे-लिहोत्स्की या वास्तुरचनाकार बाईंनी तिथलं स्वयंपाकघर आखलं. साधारण १.९ मीटर बाय ३.४ मीटर, म्हणजे सत्तर चौरस फुटांच्या आत. रेल्वेच्या भोजनडब्यातलं स्वयंपाकघर त्यांनी डोळ्यांपुढे ठेवलं होतं. बाईला एका कामासाठी किती पावलं टाकावी लागतात ते मोजून ओटा, चूल, बेसिन यांच्या जागा ठरवल्या. तांदूळ, साखर वगैरेंसाठी ॲल्युमिनियमचे ओढायचे खण, पिठाला कीड लागू नये म्हणून त्याचा खण ओकच्या लाकडाचा, इस्त्रीची फळी भिंतीवर मिटणारी. अशी दहाएक हजार स्वयंपाकघरं बसली. तिथे बचत जागेची झाली तशी बाईच्या कष्टांचीही झाली. आपल्याकडच्या किचन ट्रॉल्या त्याच घराण्यातल्या. माझी विनंती एवढीच आहे की कल्पना नाकारण्याआधी तिच्यामुळे कोणाचे कष्ट वाचले ते बघा.

साशंक : बघते ना, मी तेच बघत्येय. त्या स्वयंपाकघराला पुढे स्त्रीवादी अभ्यासकांनी नेमका हाच प्रश्न विचारला. ते एकाच बाईच्या हालचालींवर मापलेलं होतं. दुसरं माणूस आत आलं की अडचण, म्हणजे दुसऱ्यानं येऊच नये. भाजी निवडायला सासू बसू शकत नाही, नवरा चहा करायला आला तर त्याला बाहेर काढावं लागतं. कष्ट कमी झाले, पण ते तिच्या एकटीचे म्हणून कायमचे ठरून गेले.

आणखी एक उदाहरण तुम्ही लोक नेहमी देता. हाँगकाँगचे वास्तुरचनाकार गॅरी चँग यांचं ३४४ चौरस फुटांचं घर, ज्याच्या भिंती छताच्या रुळांवरून सरकतात आणि एका खोलीच्या चोवीस खोल्या होतात. मीही ते चित्रफितीत पाहिलंय आणि मला ते मनापासून आवडलं. पण ज्या घरात ते लहानपणी आईवडील आणि बहिणींबरोबर राहिले, त्याच घरात भिंती सरकवल्या तेव्हा ते एकटे राहत होते. एकट्या माणसाला भिंत सरकवताना कोणाला विचारावं लागत नाही. पाच माणसांच्या घरात भिंत सरकवायची म्हणजे एकाचं वाचन, दुसऱ्याची झोप आणि तिसऱ्याचं कपडे बदलणं थांबवायचं.

उत्साही : हा मुद्दा मी घेतो. खरं सांगायचं तर गेली काही वर्षं माझी स्वतःची पद्धतही त्यामुळेच बदललीय. आता कोणाकडे गेलो की मी आधी सामान विचारत नाही. वस्तू किती वेळा लागते ते विचारतो. रोज लागणारी, आठवड्याला लागणारी आणि वर्षाला लागणारी, असे तीन ढीग. रोजची वस्तू एका हाताच्या एका हालचालीत निघाली पाहिजे. तिच्यापुढे काही ठेवायचं नाही आणि तिच्यावर काही रचायचं नाही. पाच फूट उंचीच्या बाईचा हात फार तर सव्वासहा फुटांपर्यंत पोचतो. त्याच्यावर जे जाईल त्याला स्टूल लागणार, म्हणून तिथे वर्षाचंच सामान : गणपतीचं मखर, दिवाळीचे कंदील, फराळाची मोठी पातेली, पाहुण्यांच्या रजया. साठीच्या पुढचं माणूस ज्या घरात एकटं असतं तिथे मी माळा करतच नाही, स्टुलावरून पडून मोडलेली हाडं मी पाहिलीत.

कपाटाची खोलीही मापूनच ठरवायची. हँगरवरच्या शर्टाला बावीस इंच खोल कपाट लागतं, पण ताटल्यांना बारा इंच पुरतात आणि पुस्तकांना दहा. सगळी कपाटं दोन फुटांची केली की पुढे वस्तू, मागे वस्तू, आणि मागची कायमची हरवते. पलंगाच्या पेटीचंही तसंच. बाहेरच्या भिंतीला चिकटवून प्लायची बंद पेटी केली की जुलैत गाद्यांना बुरशी येते. भिंतीपासून दोन इंच अंतर सोडायचं, पेटीच्या मागच्या आणि खालच्या बाजूला भोकं पाडायची, आणि शक्य असेल तिथे पेटीऐवजी चाकांचे खण करायचे. म्हणजे आजोबांना उठवावं लागत नाही, खण बाजूनं ओढता येतो. मात्र त्यासाठी पलंगासमोर अडीच फूट मोकळे लागतात, आणि ते नसले तर पुन्हा पेटीच. प्रत्येक वेळी असं कुठून तरी काढून कुठे तरी द्यावं लागतं. पण मावशी, एक गोष्ट तुम्हालाही मानावी लागेल. लोकांकडे सामानच फार असतं. निम्मं काढून टाकलं तर माझं निम्मं काम उरतच नाही.

साशंक : ते मात्र मी मानणार नाही. टाकून द्या म्हणणं ज्याला पुन्हा घेता येतं त्याला सोपं आहे. तुटकी छत्री, जुन्या वायरी, रिकाम्या बाटल्या, पिशव्यांची पिशवी का ठेवतात? कारण नवीन आणायला पैसे पडतात. माझी आई वर्षाचे गहू-तांदूळ भरायची. उन्हाळ्यात पापड, कुरडया, मसाला व्हायचा तो डब्यांतून जूनच्या आत लावायचा. तो पसारा नव्हता, घराचं अर्थशास्त्र होतं. जागा गेली की पोत्याऐवजी पाच-पाच किलो आणायचं, नाही तर कोपऱ्यावरच्या दुकानातून अर्धा-अर्धा किलो. आणि सुटं घेतलेलं बहुतेक वेळा महागच पडतं. ज्यांना काटकसर करायला हवी त्यांच्याकडे काटकसरीला लागणारी जागाच नसते. शिवाय घरात आईचा पाट असतो, वडिलांची ट्रंक असते. वर्षानुवर्षं ती कोणी उघडत नाही. पण तुझ्या तिन्ही ढिगांत बसत नाही म्हणून ती भंगारात घाल असं मी कोणाला सांगणार नाही.

उत्साही : मग तर तुम्ही माझीच बाजू मांडताय. साठवण गरिबाच्याही घरात हवीच, उलट तिथे जास्त हवी. आणि जागा वाढत नाही तोवर ती भिंतीत, छताखाली आणि पलंगाखालीच काढावी लागणार.

साशंक : साठवण हवी, त्याला माझी ना नाहीच. माझं भांडण सामानाला जागा देण्याशी नाही, माणसाची जागा काढून घेण्याशी आहे. तुझ्या मिटत्या-उघडत्या घरात प्रत्येक कोपरा सगळ्यांचा असतो आणि कोणाचाच नसतो. दहावीतल्या मुलीनं भूमितीची आकृती अर्धी काढलीय आणि आठ वाजले म्हणून टेबल जेवणाचं झालं, तर तिनं ती आकृती उचलायची. साडेनऊला पुन्हा मांडायची म्हटलं तर गादी पडते. म्हाताऱ्या माणसाचंही तेच. दुपारी आडवं व्हावंसं वाटलं तर सोफ्याचा पलंग करायला कोणाला तरी हाक मारावी लागते, आणि हाक मारायचा संकोच वाटतो म्हणून ते खुर्चीतच मान टाकून बसतात. हे मी बघितलंय. कपाटं सगळी व्यवस्थित मिटलेली होती, घर दिसायला सुरेख होतं.

उत्साही : अशा घरात काय करता येईल ते सांगतो, आणि मला ते किती वेळा करता आलं नाही तेही सांगतो. तीन फूट बाय दोन फुटांची एक फळी भिंतीला पक्की बसवायची. ती मिटायची नाही, तिच्यावर जेवायचं नाही, धुतलेले कपडे टाकायचे नाहीत. खाली खुर्ची, वर दिवा आणि पुस्तकांची दहा इंची मांडणी. जमीन गेली फार तर सहा चौरस फूट, ३०० मधले सहा. म्हाताऱ्यांसाठी कायमचा उघडा पलंग, दोन फूट पाच इंच रुंद असला तरी चालेल, पण रात्रंदिवस अंथरलेला. हे दोन्ही बसतं. पण त्यासाठी सोफा काढावा लागतो, आणि सोफा काढायला घरं तयार होत नाहीत. पाहुणे आले तर कुठे बसवायचे, मुलगी बघायला लोक आले तर काय म्हणतील, टीव्हीसमोर काही तरी हवंच. मग मी सोफाही बसवतो, त्याचाच पलंगही करतो, आणि मुलीची फळी बिजागरीवर जाते. युक्तीचा दोष म्हणाल तर तो माझा आहेच, पण पाहुण्याची खुर्ची आधी आणि मुलीची नंतर हे मी ठरवत नाही.

साशंक : हे तू खरं बोललास, आणि इथे मलाही उत्तर नाही. १६० फुटांतही वडिलांची खुर्ची ठरलेली होती आणि आईला बसायला मोरीच्या कठड्याखेरीज काही नव्हतं. ५०० फूट मिळाले तरी ती सवय बदलेलच असं नाही. कदाचित तिथे मोठा सोफा येईल. तरीसुद्धा ३०० पुरतात यावर मी सही करणार नाही.

उत्साही : सही मीही करत नाही. पण मला रोज त्याच घरात जाऊन काम करायचं असतं, आणि तिथे गेल्यावर मला कळतं की माझ्या आधीच बरंच ठरून गेलेलं आहे. दहा बाय बाराच्या खोलीत तीन भिंतींना दारं आणि चौथीला खिडकी असली की सलग भिंत शिल्लकच राहत नाही. कपाट कुठे लावणार? संडासाचं दार ओट्यासमोर उघडतं. बीम अशा ठिकाणी असतो की माळा घेता येत नाही. हेच दार दीड फूट बाजूला असतं तर सात फुटांची सलग भिंत मिळाली असती आणि पलंगही पेटीचा करावा लागला नसता. ही दुरुस्ती नकाशावर फुकट होते. इमारत उभी राहिली की लाख रुपयांच्या सुतारकामानंही होत नाही.

साशंक : मग त्या नकाशापाशी आपलं दोघांचं जमतं, निदान तेवढ्यापुरतं. मात्र त्यात फक्त सामान काढून दाखवलं तर मी तुझ्या बाजूची नाही. रात्री अकराचा नकाशाही काढायचा, कोण कुठे झोपलंय, रात्री उठलेलं माणूस कोणाच्या अंगावरून जातंय ते दाखवणारा. आणि संध्याकाळी सातचाही, घरात सगळे आहेत, कुकर लागलाय आणि एकाला अभ्यास करायचाय तेव्हाचा. तो बघून लोक म्हणाले की इतक्यात होत नाही, तर जास्त जागा मागायला तो कागद उपयोगी पडेल. आणि होतं असं म्हणाले, तर दारं तरी योग्य ठिकाणी येतील. दोन्हींपैकी काय होईल ते मला आज सांगता येत नाही. ज्यांच्या इमारतीचा पुनर्विकास सभेपुढे आलाय त्यांनी क्षेत्रफळाचा आकडा ऐकून घरी येऊ नये. नकाशा मंजुरीला जाण्याआधी आपल्या घराचे हे दोन कागद मागून घ्यावेत, आणि ते बघायला घरातल्या बाईला, म्हाताऱ्यांना आणि शाळेत जाणाऱ्या पोराला सभेत सोबत न्यावं.